बहात्तर तासांची गोळी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

म्हैसूर जिल्ह्याच्या नैऋत्य भागात, कपिला अर्थात काबिनी नदीच्या काठी सरगूर वसलेले आहे, आणि त्याच्या आसपास नागरहोळे व बंडीपूरच्या जंगलांच्या कडेने जेनू कुरुब, काडू कुरुब आदी आदिवासींच्या ‘हाडी’, म्हणजे वस्त्या, विखुरलेल्या आहेत. निरोध फाटला, रोजच्या गोळ्या चुकल्या किंवा स्त्रीवर बळजबरी झाली, तर दिवस जाऊ नयेत म्हणून संबंधानंतर योजायचा जो उपाय, त्याला आकस्मिक गर्भनिरोधन म्हणतात. या उपायाचा सारा हिशेब तासांत होतो, त्यामुळे हाडीपासून औषधाच्या दुकानापर्यंतचे अंतर आणि मनातला गैरसमज ही दोन्ही येथे एकाच मापाने मोजावी लागतात.

सर्वांत चिवट गैरसमज असा की, आकस्मिक गर्भनिरोधनाची ही गोळी गर्भ पाडते. वास्तविक तिच्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक १.५ मिलिग्रॅम असते आणि ते मुख्यतः बीजमोचन, म्हणजे बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया, लांबवते. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरते, तर स्त्रीबीज सुटल्यापासून जेमतेम एक दिवस टिकते. या दोघांची गाठ पडू न देणे एवढेच गोळीचे काम असल्याने बीज आधीच सुटले असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि गर्भ रुजला असेल तर ती त्याला पाडतही नाही, इजाही करत नाही. गर्भपातासाठी मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही निराळी औषधे असून त्यांना १९७१चा वैद्यकीय गर्भपात कायदा लागू होतो. नाव घेण्याच्या संकोचाने दोन्हींना सर्रास ‘ती गोळी’ म्हटले जाते, आणि घोटाळ्याचे मूळ बहुधा या संकोचातच आहे.

दुसऱ्या सकाळीच घ्यायची गोळी, हाही असाच भ्रम. सकाळची वाट पाहण्याचे कारण नाही, आणि सकाळ उलटली म्हणून आशा सोडण्याचेही नाही. गोळी ७२ तासांच्या आत घ्यावी असे सांगितले जाते. पाचव्या दिवसापर्यंत ती काही प्रमाणात उपयोगी पडू शकते, पण परिणाम उतरत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पहिल्या २४ तासांत औषध घेणाऱ्यांमध्ये अपेक्षित गर्भधारणांपैकी ९५ टक्के टळल्या, ४९ ते ७२ तासांच्या दरम्यान मात्र ५८ टक्केच. येथे ‘अपेक्षित’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण एका संबंधातून प्रत्येकीलाच दिवस जातात असे नसते, आणि जाहिरातीतले टक्के वाचताना नेमके हेच निसटते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय किंवा नवऱ्याच्या संमतीशिवाय गोळी मिळत नाही, ही समजूतही निराधार आहे. २००५पासून भारतात ती चिठ्ठीविना विकता येते, आणि २०११मध्ये सुरू झालेल्या घरपोच योजनेत आशा कार्यकर्तीने ती दोन रुपयांत द्यावी असे ठरले. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीवर तर सरकारी व खासगी अशा प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य उपचार करणे कायद्याने बंधनकारक असून, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्या उपचारांत आकस्मिक गर्भनिरोधनही येते. संततिनियमन ही या मुलखाला बाहेरून आलेली नवलाई नव्हे : रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत केंद्र उघडले, आणि म्हैसूर संस्थानाने तर १९३०मध्येच सरकारी रुग्णालयांत संततिनियमन केंद्रे सुरू करण्याचा हुकूम काढला.

गोळीने वांझपण येते, ही भीतीही खरी नाही. मळमळ, डोकेदुखी, थोडा रक्तस्राव, पाळी काही दिवस मागेपुढे होणे, इतपत त्रास संभवतो. घेतल्यापासून दोन तासांत उलटी झाल्यास ती पुन्हा घ्यावी लागते, आणि तीन आठवड्यांत पाळी न आल्यास गर्भचाचणी करावी. उलट बाजूचा गैरसमज असा की एकदा घेतली म्हणजे महिना निर्धास्त गेला. प्रत्यक्षात पुढच्या संबंधांना तिचे संरक्षण नसते, बीजमोचन केवळ पुढे ढकललेले असल्याने धोका वाढूही शकतो, आणि एचआयव्हीपासून तर ती मुळीच वाचवत नाही.

फारसे न बोलले जाणारे एक तथ्य मात्र येथे सांगितलेच पाहिजे. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फिट्सवरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन या औषधांमुळे यकृत हे संप्रेरक लवकर मोडून टाकते, म्हणून ती औषधे चालू असलेल्या स्त्रीने गोळी घेण्यापूर्वी ते आशाताईला किंवा डॉक्टरांना सांगणे आवश्यक ठरते. अशा वेळी तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायचे तांब्याचे साधन, हा अधिक खात्रीचा मार्ग असून, पाच दिवसांच्या आत बसवल्यास ती शंभरातील ९९हून अधिक स्त्रियांना गर्भधारणेपासून वाचवते आणि पुढे कित्येक वर्षे कामी येते; मात्र ती बसवण्यास प्रशिक्षित हात लागतो, आणि हाडीतल्या स्त्रीला त्यासाठी दवाखाना गाठावाच लागतो.