पाण्याच्या कलाने

अमरावतीहून मोटारीने मोर्शीस आलेल्या एखाद्या गृहस्थास, वाटेत चढ किती लागले, असे विचारून पाहावे. पन्नास-पंचावन्न किलोमीटरांचा तो रस्ता त्यास पाटासारखा सपाट भासलेला असतो, आणि हा प्रश्नच मुळी त्याला चमत्कारिक वाटतो. तोच रस्ता सायकलीने तुडवून आलेला मनुष्य मात्र हातातला पाण्याचा पेला खाली ठेवण्यापूर्वीच, कोणत्या नाल्यापाशी रस्ता झुकतो, कोणत्या रपट्यानंतर तो पुन्हा मान वर काढतो आणि वारा कोठून अंगावर येतो, याची जबानी जमाबंदीच्या कारकुनाच्या काटेकोरपणाने देऊ लागतो. त्याने काही विशेष निरीक्षण केले असते असे नव्हे. त्याच्या मांड्यांनी ते परभारेच करून ठेवलेले असते.

मोर्शी तालुक्याच्या भूमीची ठेवण ध्यानी घेतल्यावाचून येथील सायकलीच्या वाटांचे मर्म उकलत नाही. उत्तरेस सातपुड्याची रांग, पूर्वेस वर्धा नदी, आणि या दोहोंच्या मध्ये डोंगराकडून नदीकडे हळूहळू कलत गेलेली काळीची जमीन, असा हा मुलूख आहे. वर्धा ही बैतूल जिल्ह्यातील मुलताईकडच्या डोंगरांत उगम पावते, आणि पूर्वी वऱ्हाड व मध्यप्रांत यांची सरहद्द म्हणून जी तिची ख्याती होती, ती आज या भागात अमरावती आणि नदीपलीकडचे नागपूर-वर्धा जिल्हे यांच्या हद्दीपुरती उरली आहे. सातपुड्यातून सुटलेले ओढेनाले तिच्याकडे धाव घेतात. म्हणून येथील रस्त्यांच्या दोनच जाती मानाव्यात : पाण्याच्या संगतीने जाणाऱ्या आणि पाणी ओलांडत जाणाऱ्या. मोर्शीहून वरुडास जाणारा तीस-पस्तीस किलोमीटरांचा रस्ता दुसऱ्या जातीचा आहे. तो डोंगराच्या पायथ्याला समांतर धावतो, आणि त्यामुळे डोंगरातून उतरणारा प्रत्येक नाला त्याला आडवा जातो. उतरणीवर मिळालेला वेग पुढल्या चढणीवर व्याजासह फेडावा लागतो, आणि हा जमाखर्च वरुडपर्यंत चालू राहतो.

पहिल्या जातीचा निर्भेळ नमुना पाहावयाचा असेल तर मोर्शीपासून आठ-नऊ किलोमीटरांवरील सिंभोऱ्याकडे वळावे. येथे वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण बांधलेले असून, त्याच्या जलाशयास ‘नल-दमयंती सागर’ असे काव्यमय नाव मिळाले आहे. मोर्शीच्या अंगावरून वाहणाऱ्या नदीचे नावही दमयंतीच, हे लक्षात घेतले म्हणजे त्या नावात सरकारी कल्पकतेपेक्षा स्थानिक ममतेचाच अंश अधिक दिसतो. 1993 च्या सुमारास पूर्ण झालेल्या या धरणाची भिंत सहा किलोमीटरांच्या जवळपास लांब आहे, दरवाजे 13 आहेत, आणि जलाशय काठोकाठ भरला म्हणजे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 342.50 मीटरांवर येते. हिवाळ्याच्या पहाटे चक्रवाकांच्या जोड्या त्या पाण्यावर उतरलेल्या असतात. त्याच पाण्याखाली कित्येक गावठाणे आणि त्यांची शिवारे निजली आहेत, हेही काठावर उभे राहणाऱ्याने विसरू नये.

धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी अमरावती जिल्ह्यात जाते, डाव्याचे वर्धा जिल्ह्यात. कालवा खोदणाऱ्या अभियंत्यास पाण्याला उतार तर द्यावा लागतो, पण तो इतका बेताचा, की किलोमीटरभरात वीत-दीड वीत उतरला तरी पुरे. अधिक दिला तर पाणी पाळी खरवडते आणि दूरच्या शेतापर्यंत उंची उरत नाही. म्हणून कालवा टेकाड चढत नाही, खळग्यात उतरत नाही, दोहोंना वळसा घालून समपातळीच्या रेषेने नागमोडी जातो, आणि त्याच्या पाळीवरून खात्याच्या तपासणीसाठी काढलेली वाटही अर्थातच तशीच जाते. फ्रान्समध्ये 1681 साली खुल्या झालेल्या ‘कनाल द्यु मिदी’च्या काठाने पूर्वी घोडे नावा ओढीत असत, त्या वाटांवरून आज देशोदेशीचे सायकलस्वार बायकामुलांसह आरामात जातात, त्याचेही रहस्य पाण्याची ही समपातळीच होय. आपल्याकडे या पाळी प्रवाशांसाठी बांधलेल्या नाहीत. धरणाच्या भिंतीवर तर पहाराच असतो, आणि कालव्याच्या वाटेवरही, जेथे मज्जाव नसेल तेथेच आणि तेथल्या पाटकऱ्यास विचारूनच, जाणे शहाणपणाचे. परंतु शेतकऱ्यांच्या सायकली त्यांवरून नित्य जात असतात, आणि मीही त्यांच्यामागून गेलो आहे.

गेलो आणि फसलो, हेही सांगितले पाहिजे. उजव्या हाताला कालव्याचे पाणी, डाव्या हाताला गव्हाची कोवळी हिरवळ, पायडल जणू आपसूक फिरते आहे, अशा समाधीत असता मागले चाक एकाएकी बसले. पाळीवरच्या वाळलेल्या गवतात सराट्याचा सडा पडलेला होता. मोठ्या ऐटीने जवळची नवी ट्यूब घातली, पंपाने हवा भरली, आणि शंभर पावलांत तीही बसली. तेव्हा सायकल हाताने ओढीत मोर्शीच्या वाटेवरील एका पंक्चरवाल्याकडे आलो. त्याने घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहण्याच्याही आधी माझ्याकडे पाहिले.

“काकाजी, टूप बदलून काय होते जी? काटा त टायरातच रायला.”

मग त्याने कोपऱ्यातून कापसाचा एक बोळा घेतला आणि टायरच्या आतून, हलक्या बोटांनी, सावकाश फिरवला. तीन ठिकाणी कापसाचे तंतू अडकले. तिन्ही ठिकाणी, डोळ्यांना न दिसणारी, सराट्याची तुटकी टोके निघाली. कपाशीच्या मुलखात आयुष्य घालवून कापसाचा हा उपयोग मला ठाऊक नव्हता, याची थोडी शरम वाटली.

वरुडचा रस्ता कष्टाचा असला तरी माघाच्या सुमारास तो टाळू नये. संत्र्याच्या झाडास पाणी तोडून ‘ताण’ दिल्यावर जो आंबिया बहार फुटतो, त्याची फुले या दिवसांत उमललेली असतात, आणि शेजारच्याच बागेत मृग बहाराची फळे पिवळी होत असतात. एकीकडून सुगंध यावा आणि दुसरीकडून कॅरेट भरणाऱ्या बायामाणसांचा गलबला, असा योग चढणीवर धापा टाकणाऱ्यासही सुखावतो. परंतु पायांनी केलेली नोंद येथे मनास अस्वस्थ करते. या बागा विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यावर जगतात, आणि वरुड-मोर्शी पट्ट्यात तो उपसा इतका झाला आहे, की भूजल खोल खोल गेले आहे. वरुडहून परतताना मात्र वाट एकंदरीने जलाशयाच्या बाजूस उतरते. पाणी खाली आणि तहान वर! धरणाचे कालवे सखल शिवाराकडे जातात. वरच्या बागांपर्यंत ते पाणी आपल्या पायांनी चालत येणार नाही. हे नकाशावरून कळतेच, पण बेनोड्याच्या बाजूच्या एका चढावर ते मला जितके कळले तितके नकाशाने कधी कळले नव्हते.

नैर्ऋत्येस, सायकलीच्या दीड-दोन तासांवर, रिद्धपूर आहे. गोविंदप्रभूंचे वास्तव्य, म्हाइंभटांचे लीळाचरित्र आणि महदंबेचे धवळे यांमुळे मराठी भाषेचे हे तीर्थच मानले गेले, आणि 2024 पासून मराठी भाषा विद्यापीठही तेथे चालू झाले. प्रवासाची आवड असणाऱ्याने येथे आणखी एका ग्रंथाचे स्मरण करावे : चौदाव्या शतकात मुनिव्यास कोठी या महानुभाव पंथीयाने पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींच्या चरणांकित स्थानांची स्वतः हिंडून नोंद केली, कोठे देऊळ, कोठे मठ, कोणत्या दिशेस दार, आणि ती ‘स्थानपोथी’ म्हणून प्रसिद्ध झाली. अटन हा ज्या पंथाचा आचारधर्म, त्याच्याच हातून असे पुस्तक व्हावे हे उचितच. साडेतेरा तासांत 200 किलोमीटर तोडण्याच्या ‘ब्रेव्हे’ची हौस अलीकडे बळावली आहे, तिला माझा विरोध नाही, फक्त त्या हौसेने रिद्धपुरावरून जाणाऱ्यांनी घड्याळ थोडे खिशात ठेवावे.

उरली सालबर्डी. मोर्शीपासून उत्तरेस आठेक किलोमीटरांवर, निम्मे गाव महाराष्ट्रात आणि निम्मे मध्यप्रदेशात अशा त्या स्थळी महाशिवरात्रीस गुहेतल्या महादेवाची मोठी यात्रा भरते. चक्रधरस्वामी आणि तपस्विनी मुक्ताबाई यांची भेटही महानुभाव याच डोंगरात सांगतात. यात्रेच्या गर्दीत सायकल नेण्यात अर्थ नाही. एरवीच्या एखाद्या दिवशी, उन्हे चढण्यापूर्वी, पाण्याच्या उलट दिशेने तेथवर जावे, सावलीत दशमी सोडावी, आणि परतताना पायडल स्थिर धरावे. फ्रीव्हीलचा टकटक आवाज सुरू होतो, डोंगर पाठीशी हळूहळू निळा पडत जातो, आणि पहिल्या नाल्याच्या रपट्यावर तो आवाज थांबतो तेव्हा खाली, दगडांतून, त्याच दिशेने निघालेले पाणी ऐकू येते.