बारा बोअर बिघडली? साफसफाई घरी करा, दुरुस्ती मात्र परवानाधारक कारागिराकडेच

राजूर (ता. वणी) : वावरात रानडुकरं आणि रोह्यांचा त्रास वाढला, की वर्षभर पेटीत पडून असलेली परवान्याची बंदूक बाहेर निघते. तेव्हाच लक्षात येतं, की चाप अडकतोय, नळीत गंज चढलाय किंवा दस्ता हलतोय. दुकान दूर शहरात आणि जागल तर आज रात्रीच करायची. मग घरीच पेचकस घेऊन बसायचं की ओळखीच्या वेल्डिंगवाल्याला दाखवायचं, असा विचार सुरू होतो. दोन्ही महागात पडू शकतं.

घरी काय करता येतं?

साफसफाई. आधी बंदूक उघडून ती रिकामी असल्याची दोनदा खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. गजाला कापड लावून नळी आतून पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा. वापरण्यापूर्वी नळीतलं जादा तेल पुसून काढा आणि उजेडाकडे धरून नळी आरपार पाहा. राजूर भागात कोळशाची आणि चुन्याची धूळ, त्यात पावसाळ्याची ओल; त्यामुळे गंज लवकर धरतो. निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा केलेली बंदूक परत मिळाली, की पहिलं काम हेच.

कशाला हात लावू नये?

चाप हलका व्हावा म्हणून आतला भाग कानसीने घासला, तर बंदूक नुसती खाली पडली तरी सुटू शकते. खिळ्याची पिन बसवणं, नळी कापणं, पोचा काढणं, वेल्डिंग करणं हेही तितकंच धोक्याचं. काडतूस उडतं तेव्हा नळीतला दाब गाडीच्या टायरमधल्या हवेच्या शेकडो पट असतो. नळी कमजोर झाली असेल किंवा तिच्यात चिखल अडकला असेल, तर ती धरणाऱ्याच्या हातातच फुटते.

वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकतं. नळी रिकामी समजून मागून बारा बोअरचं टाकलं, तरीही हाच प्रकार होतो. दोन्ही काडतुसं एका पिशवीत ठेवू नका.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार शस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे दुरुस्तीचा परवाना नव्हे. 2019 मध्ये कायदा कडक झाला. तेव्हापासून विनापरवाना दुरुस्ती किंवा नळी आखूड करणं, यासाठी किमान 7 वर्षे ते जन्मठेप आणि दंड अशी शिक्षा आहे. समोरच्याला अधिकार आहे की नाही हे न पाहता बंदूक त्याच्या हवाली करणं, हाही गुन्हा आहे. म्हणजे वेल्डिंगवाल्यासोबत मालकही अडकतो.

कारागिराकडे नेताना

दुकानाचा परवाना दुरुस्तीसाठी आहे का, हे आधी विचारा. ते शहर आपल्या परवान्याच्या हद्दीत येतं का, तेही पाहा. मूळ परवाना सोबत ठेवा, बंदूक रिकामी करून खोळीत न्या आणि तिचा क्रमांक लिहिलेली पावती घेतल्याशिवाय दुकान सोडू नका.

आणखी एक गोष्ट. बंदूक दुरुस्त झाली म्हणजे जनावर मारायची मुभा मिळाली असं नाही. रानडुक्कर असो की रोही, त्यासाठी वन विभागाची वेगळी परवानगी लागते.