पील, सुया की लेझर?

लग्न महिन्यावर आलं की नवरी, हल्ली नवरदेवही, त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन थेट लेझरच मागतात. उपचार जितका महाग, तितका गुण जास्त, अशी समजूत असते. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला ही समजूत बाधते.

हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये, उन्हात त्वचा भाजते की काळवंडते, यावरून तिचे प्रकार पाडले. आज असे सहा प्रकार मानतात आणि आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात मोडतो. या त्वचेतल्या रंगपेशी चटकन चेततात. भाजलं, खरचटलं, पुटकुळी फोडली, की जादा मेलॅनिन तयार होतं आणि महिनोन्‌महिने काळा डाग राहतो. त्वचा नवी करण्याचे उपचार म्हणजेही मोजूनमापून केलेली इजाच. म्हणून दोष जितका खोल, तितकीच इजा करावी, जास्त नको.

निस्तेजपणा आणि पुटकुळ्यांचे वरवरचे डाग यांना केमिकल पील पुरतं. त्यातलं ग्लायकॉलिक ॲसिड ठरल्या वेळी निष्प्रभ करावंच लागतं, नाहीतर ते आत उतरत राहतं. पार्लरमध्ये चेहरा पोळतो तो बहुधा इथेच. तेलकट त्वचेला सॅलिसिलिक मानवतं, कारण ते तेलात विरघळून रंध्रांत शिरतं. नाजूक त्वचेला सावकाश मुरणारं मँडेलिक बरं.

पुटकुळ्यांनी पाडलेले खड्डे मात्र वरवरच्या पीलने भरत नाहीत, कारण बिघाड खालच्या थरातल्या कोलॅजनमध्ये असतो. मायक्रोनीडलिंगमध्ये बारीक सुयांनी तिथवर छिद्रं पाडतात आणि जखमा भरताना नवं कोलॅजन तयार होतं. त्याला काही महिने आणि अनेक बैठका लागतात. साध्या सुयांत उष्णता नसते आणि वरचा थर बराचसा शाबूत राहतो, म्हणून सावळ्या चेहऱ्यासाठी मी आधी याच उपचाराचा विचार करायला सांगेन. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर खड्ड्यांवर प्रभावी आहे, पण ऊर्जा बेताची ठेवणारा अनुभवी डॉक्टर हवा.

वांगाची गोष्ट निराळी. ऊन, उष्णता आणि संप्रेरकं त्याला खतपाणी घालतात; लेझरच्या उष्णतेनेही तो भडकू शकतो. इथे पहिला उपचार सनस्क्रीनचा, तोही शक्यतो आयर्न ऑक्साइड असलेल्या रंगीत सनस्क्रीनचा, कारण दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो. मग मलमं आणि गरज पडली तर सौम्य पील.

या मलमांबद्दल मनापासून काळजी वाटते. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड एकत्र असलेली मलमं शेजारणीच्या सांगण्यावरून आणली जातात. सुरुवातीला चेहरा उजळतो. पुढे कातडी पातळ होते, लाली येते, लव वाढते आणि मलम थांबवलं की सगळं उफाळून येतं. स्टेरॉइडची अनेक मलमं सरकारने २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये आणली; चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. असं मलम लावत असाल तर कोणत्याही पीलआधी डॉक्टरांना सांगा. ओठांवर वारंवार जर (तापाचे फोड) येत असेल, जखमेचा व्रण फुगत असेल, आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गर्भारपण असेल, तर तेही सांगा.

आणि लग्न खरंच महिन्यावर असेल, तर फार तर एखादं सौम्य पील, तेही समारंभाच्या किमान दोन आठवडे आधी. खड्ड्यांचं काम लग्नानंतर सुरू करावं.