मातीतले काय राखावे?

१९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले, ते गादीवर. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या या विद्यार्थ्याचे अंग मात्र मातीत घडले होते. आज ऑलिंपिकच्या वाटेने जाणाऱ्या मुलाला गादी हवीच. पण त्यासाठी तालमीतला हौदा बुजविण्याचे कारण नाही.

गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशेब. मातीत परंपरेने घड्याळ नाही. पाठ टेकली की निकाल. चीतपटीची ही अट प्राणपणाने राखावी. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात अगदी मागे बसलेल्या हमालालाही पंचाला न विचारता निकाल कळतो, तो तिच्यामुळेच.

अमर्याद वेळेचा हट्ट मात्र सोडलेला बरा. दोन तुल्यबळ मल्ल खडाखडीतच वेळ काढतात आणि कुस्ती बरोबरीत सोडवावी लागते. मग निकालीपणाचा अभिमान कसला मिरवायचा? (तिकीट काढून आलेल्यांची निराशा वेगळीच.) वेळ बांधून द्यावी व त्यानंतर पहिला गुण घेईल तो विजयी मानावा. काही मैदानांत तसे होऊही लागले आहे. ती वेळ सहा मिनिटांइतकी तोकडी मात्र नसावी. तेवढ्यात मातीतल्या मल्लाचा दम पुरता कसाला लागत नाही.