जिम्मी: संरक्षण होतं, समता नव्हती

मध्ययुगीन इस्लामी राजवटीत ज्यू आणि ख्रिस्ती हे ‘जिम्मी’, म्हणजे कराराने संरक्षण मिळालेली प्रजा. जिझिया हा कर भरायचा, त्या बदल्यात जीव, मालमत्ता, धर्म आणि स्वतःची न्यायालयं राखायची. ही समता नव्हेच. मुसलमानाविरुद्ध त्यांची साक्ष काझीपुढे सहसा चालत नसे. तरी नुसत्या नियमांवरून रोजचं जगणं ठरवू नये, असं मला ठामपणे वाटतं. फुस्तातच्या (आजचं जुनं कैरो) बेन एझरा सिनेगॉगच्या गनिझातले, म्हणजे जुने कागद साठवायच्या खोलीतले, कागद बघा. अकराव्या-बाराव्या शतकातले ज्यू व्यापारी त्यांत मुसलमानांशी भागीदारी करतात, आपलं न्यायालय असूनही आपखुशीने काझीकडे जातात.

मग हा सुवर्णकाळ होता का? नाही. त्याच कागदांत जिझियाच्या वसुलीने धास्तावलेले गरीबही भेटतात. उलट कोणी म्हणेल, फातिमी खलिफा अल-हाकिमने 1009 मध्ये जेरुसलेमचं पवित्र कबरीचं चर्च पाडलं, म्हणजे संरक्षण खोटंच. पण त्यानेच पुढे सक्तीने धर्मांतरित झालेल्यांना त्यांच्या मूळ धर्मात परतू दिलं. करार खरा होता. तो मोडणाऱ्या राज्यकर्त्याला अडवण्याचं साधन मात्र जिम्मींच्या हाती नव्हतं.