संगणकाला सूर लावायला शिकवताना

ध्वनीचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर तरंग काढतो. वारंवारता वाढली की आवाज उंच होतो, आयाम वाढला की तो मोठा होतो, असे सांगतो. प्रयोगशाळेत नादकाटा असला तर तो वाजवून दाखवतो. पण नादकाट्याची वारंवारता ठरलेली असते. ज्या राशींबद्दल आपण तासभर बोलतो, त्या विद्यार्थ्याच्या हातात येतच नाहीत. ध्वनिनिर्मितीसाठी तयार केलेल्या संगणकभाषा ही उणीव भरून काढू शकतात. 'सुपरकोलायडर' ही त्यांपैकी एक. जेम्स मॅकार्टनी यांनी ती १९९६ मध्ये प्रसिद्ध केली आणि २००२ पासून ती सर्वांना मोफत मिळते. साध्या लॅपटॉपवरही ती चालते.

संगणक आवाज काढतो म्हणजे नेमके काय करतो? तो फक्त संख्या मोजतो. स्पीकरचा पडदा या क्षणी किती पुढे किंवा मागे असावा, हे सांगणारी प्रत्येक संख्या साधारणपणे −१ ते +१ या मर्यादेत असते. अशा ४४,१०० संख्या दर सेकंदाला लागतात. १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या मॅक्स मॅथ्यूज यांनी या रीतीने संगणकाकडून संगीत तयार करून घेतले, ते जेमतेम १७ सेकंदांचे होते. त्या काळी आधी सगळ्या संख्या मोजून टेपवर साठवाव्या लागत आणि मग त्यांचे आवाजात रूपांतर होई. आज हे गणित ऐकता ऐकताच होते. सुपरकोलायडर एका वेळी ६४ संख्यांचा गट तयार करते. एवढा गट वाजायला सुमारे दीड मिलिसेकंद लागतो, म्हणून सरासरी तेवढ्या वेळात पुढचा गट तयार व्हायलाच हवा. उशीर झाला तर आवाज तुटतो, 'टक्' असे ऐकू येते.

मॅथ्यूज यांनी पुढे आणखी एक सोय केली. आंदोलक, गाळणी, गुणक असे छोटे छोटे घटक तयार ठेवायचे आणि एकाचे उत्पादन दुसऱ्याला पुरवायचे. सुपरकोलायडर शिकणे म्हणजे मुख्यतः असे घटक जोडायला शिकणे. सर्वांत साध्या घटकाला तीन गोष्टी सांगायच्या: वारंवारता, कला आणि आयाम. २४०, ०, ०.१ असे लिहिले की षड्ज सुरू! आयाम मात्र ०.१ च्या वर नेऊ नये. दशांशचिन्ह विसरले तर कानठळ्या बसतात, म्हणून सुरुवातीला हेडफोन नकोच. सर्व आवाज एकदम बंद करण्याची कळ सर्वांत आधी पाठ करावी.

माझी पहिली फजिती सांगतो. सूर हलका थरथरावा, म्हणून मी वारंवारतेच्या जागी '२४० + १२ × मंद आंदोलक' असे लिहिले. आंदोलकाची किंमत −१ ते +१ अशी बदलते, म्हणजे वारंवारता २२८ ते २५२ च्या दरम्यान हलायला हवी. प्रत्यक्षात भोंग्यासारखा विव्हळणारा आवाज आला! कारण शोधायला संध्याकाळ गेली. या भाषेत गुणाकाराला अग्रक्रम नाही. ती डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जाते. तिच्या मते २ + ३ × ४ म्हणजे २०. तिने आधी २४० मध्ये १२ मिळवले आणि मग २५२ ला आंदोलकाने गुणले. कंस घालताच सूर ताळ्यावर आला. कंसाचे महत्त्व मी वहीत अनेकदा वाचले होते, कानांनी ऐकले ते त्या दिवशी.

आता वर्गात करण्याजोगा एक प्रयोग. सा २४० धरला तर नैसर्गिक शुद्ध गंधार ५:४ या प्रमाणात, म्हणजे ३०० येतो. समविभागी पद्धतीने लावलेल्या पेटीत प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या १.०५९५ पट असते. सा पासून चार पट्ट्या वर गेल्यावर गंधार येतो सुमारे ३०२.४. फरक एका टक्क्याहूनही कमी आहे. तो ऐकू येईल का, असे मुलांना आधी विचारावे. मग ३०० आणि ३०२.४ हे दोन्ही सूर एकत्र वाजवावेत. आवाज लहान-मोठा होत राहतो, आणि घड्याळ लावून मोजले तर पाच सेकंदांत सुमारे बारा ठोके पडतात. दोन वारंवारतांमधली वजाबाकीच ती! पेटीच्या गंधाराविषयी गवय्ये का कुरकुरतात, हेही मुलांना उमगते. पंचमाचे गणित (३६० आणि ३५९.६) मात्र त्यांच्यावरच सोपवावे. तिथे ठोके मोजायला पाच सेकंद का पुरत नाहीत, याचे उत्तर त्यांनाच शोधू द्यावे.

ही भाषा शिकायला संगीत यावे लागते असे नाही. एक ओळ लिहावी, ऐकावे, एक संख्या बदलावी, पुन्हा ऐकावे. चूक झाली तर कान लगेच सांगतात.