दाखला वंशाचा, आरोग्याचे काय?

नागपूर शहर दक्षिणेकडे पसरत गेले आणि हुडकेश्वरसारख्या वस्त्यांत नव्या घरांबरोबर छोट्या विदेशी कुत्र्यांची हौसही आली. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत झळकलेल्या पगने तर ही हौस देशभर नेली. हौसेने पाळलेल्या मादीची पिले विकून चार पैसे सुटतात, हे ध्यानात आले की हौशीचा जोडधंदा होतो. त्यात गैर काहीच नाही. परंतु नर निवडताना पाहिले जाते ते त्याचे रूप आणि फार तर केनेल क्लब ऑफ इंडियाचा वंशावळीचा दाखला. हा दाखला पूर्वजांची नावे सांगतो. त्यांच्याकडून आलेल्या व्याधी सांगत नाही.

पूडल आणि कॉकर स्पॅनिअल या जातींत दृष्टिपटल हळूहळू झिजविणारा एक आनुवंशिक विकार आढळतो. प्रारंभी कुत्र्याला रातांधळेपणा येतो, पुढे पूर्ण अंधत्व. लक्षणे दिसू लागतात ती बहुधा ऐन तारुण्यात. तोवर त्याची पिले चार घरी गेलेली असतात. या विकारास कारणीभूत असलेले जनुक २००६ साली सापडले. आता रक्ताच्या अथवा गालाच्या आतील पेशींच्या नमुन्यावरून त्याचा छडा लागतो.

येथे मेंडेलचे जुने गणित उपयोगी पडते. सदोष जनुकाची एकच प्रत असलेले कुत्रे ‘वाहक’ असते. ते स्वतः आंधळे होत नाही. मात्र दोन वाहकांची जोडी जमली, तर प्रत्येक पिलाला हा विकार होण्याची शक्यता चारात एक असते. उलट वाहकाला निर्दोष जोडीदार दिला, तर एकही पिलू या दोषाने आंधळे होत नाही; काही पिले केवळ वाहक निघतात. म्हणूनच वाहकाला सरसकट बाद करणे शहाणपणाचे नव्हे. तसे केल्यास आधीच आखूड असलेला वंशाचा परीघ अधिक आक्रसतो आणि दुसरेच दोष डोके वर काढतात. चाचणी हवी ती जोडी डोळसपणे जुळविण्यासाठी.

अर्थात, चाचणी म्हणजे सर्वरोगमुक्तीची हमी नव्हे. छोट्या जातींत वारंवार आढळणारे गुडघ्याच्या वाटीचे सरकणे एका जनुकाच्या चाचणीत सापडत नाही. त्यासाठी पशुवैद्याचा हातच लागतो. पगच्या चपट्या नाकाचा प्रश्न तर त्या जातीच्या घडणीतच आहे. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. ज्याला श्वासच अपुरा पडतो, त्याने नागपूरचा मे महिना कसा काढावा? अशा नराचा जनुकीय अहवाल कितीही स्वच्छ असो, त्याच्यापासून वंश वाढविणे हा पिलांवर अन्यायच होय.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनी श्वानपैदाशीसाठी नोंदणी आवश्यक केली आणि आठ आठवड्यांहून लहान पिलू विकण्यास मनाई केली. परंतु नियम किमान मर्यादा आखतात. विवेक पुरवीत नाहीत. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जोडी जमविण्यापूर्वी तज्ज्ञाचा सल्ला घेणे हुडकेश्वरकरांना अवघड नाही. पिलू विकत घेणाऱ्यानेही किमतीच्या घासाघिशीआधी त्याच्या आईबापांचे अहवाल मागावेत. ग्राहक मागू लागला की विक्रेता देऊ लागतो, हा बाजाराचा नियम येथेही लागू पडेल. नाही तर विकणाऱ्याची हौस फिटेल आणि तिचे मोल एखादे मुके जनावर आपल्या डोळ्यांनी चुकते करील.